साठीनंतर जोडप्यांची मैत्री: तुमच्या घरात फोन कोण करतं?

एका ताईंनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात सांगते. वय ६२, शाळेत शिक्षिका होत्या, ५८ ला रिटायर झाल्या. मिस्टर ६४ चे, सरकारी बँकेतून ६० ला रिटायर, म्हणजे दोघं एकाच वर्षी घरी आले. कोथरूडच्या एका बिल्डिंगमध्ये १९९० च्या आसपास चार जोडपी राहायला आली, मुलं एकाच रिक्षाने शाळेत जायची, कोजागिरी, ३१ डिसेंबर, वर्षातून एक ट्रिप सगळं एकत्र. आता एक जोडपं नातवाला सांभाळायला बंगळुरूला गेलं, एकीचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले आणि ती हळूहळू यायची बंद झाली, तिसऱ्यांशी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका राजकीय फॉरवर्डवरून वाजलं ते अजून तसंच आहे. मिस्टर म्हणतात मला कोणाची गरज नाही, पण ताई भिशीला निघाल्या की कुठे, किती वेळ, कोण कोण असणार सगळं विचारतात, आणि गेल्या महिन्यात तर मी पण येतो म्हणाले. ताईंचा प्रश्न असा की हे सगळ्यांचंच होतं का, मी माझ्या मैत्रिणी जरा कमी करू का, आणि आमचा ग्रुप परत जमेल का.

मी गेली २६ वर्षं पुण्यात जोडप्यांबरोबर समुपदेशनाचं काम करते, आणि अलीकडे माझ्याकडे येणाऱ्यांत पंचावन्नच्या पुढचे खूप असतात. ते येतात ते "आमचं हल्ली पटत नाही" म्हणून, मैत्रीचा विषय कोणीच काढत नाही, पण तिसऱ्या चौथ्या भेटीत कळतं की या दोघांना बोलायला एकमेकांशिवाय कोणी उरलेलंच नाहीये. (खाली जी उदाहरणं देतेय त्यातले तपशील बदललेत, कोणाची ओळख पटू नये म्हणून.)

तर ताई, पहिलं उत्तर, हो, जवळजवळ सगळ्यांचं होतं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी १९९० च्या दशकापासून यावर काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की हाताशी वेळ थोडा आहे हे जाणवायला लागलं की माणूस आपणहूनच माणसं कमी करतो, लग्नाकार्यात भेटणारे, नुसते ओळखीचे असे बाजूला पडतात आणि ज्यांच्यापाशी मन मोकळं होतं ते चारपाच जण तो धरून ठेवतो. म्हणजे गोतावळा लहान होणं यात काळजीचं काही नाही. काळजी कधी करायची, तर धरून ठेवायचे होते तेच सुटले तेव्हा. मी जोडप्यांना एवढंच विचारते, ही माणसं तुम्ही गाळली की तुमच्याकडून गळली? तुमच्या चार जोडप्यांपैकी तुम्ही कोणालाच गाळलेलं नाही, तिन्ही गळली, आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत म्हणून उपायही वेगवेगळे आहेत. "ग्रुप परत जमवू" असं एकगठ्ठा काही होणार नाही.

आधी तो ग्रुप जमला कसा होता ते बघा. कोणी ठरवून जमवला नव्हता. मुलांची रिक्षा आली नाही म्हणून खाली थांबलात, टँकर आला म्हणून बादल्या घेऊन उभ्या राहिलात, बिल्डिंगमध्ये एकाच घरी फोन होता म्हणून त्यांच्या हॉलमध्ये ट्रंककॉलची वाट बघत बसलात, विरजण मागायला गेलात आणि तासभर तिथेच. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नव्याने ओळख झालेल्या लोकांचा अभ्यास करून मांडलं होतं की नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला ५० एक तास लागतात आणि जवळची मैत्री व्हायला २०० च्या वर. तुमचे २०० तास जिन्यातच भरले हो, त्यासाठी कॅलेंडर काढावं लागलं नाही. आता लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, विरजण अ‍ॅपवरून दहा मिनिटांत येतं, आणि जे तास फुकट मिळायचे ते मिळायचे बंद झाले. ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्यांना पटकन पटत नाही, त्यांना वाटतं माणसं बदलली. माणसं तीच आहेत, भेटायचं निमित्त गेलंय.

आणि आता तर पुण्यात मुंबईत रीडेव्हलपमेंटने आणखी एक घाव घातलाय. तीस-पस्तीस वर्षं शेजारी राहिलेले लोक एका महिन्यात चार दिशांना भाड्याच्या घरात जातात, बिल्डर तीन वर्षं म्हणतो आणि पाच होतात, आणि साठीतल्या माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षं म्हणजे थोडी नाहीत, त्यात कोणाचा गुडघा जातो, कोणी मुलाकडे जातं, कोणी परत येतच नाही. नवी बिल्डिंग बारा मजली, खाली कट्टा नाही, पार्किंग आहे. अशा वेळी मी सोसायटीतल्या लोकांना एकच सांगते, भाड्याची घरं शोधताना पैसे आणि चौरस फूट बघता तसं आपल्या दोन जवळच्या घरांपासून चालत जाता येईल का तेही बघा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्याकडे आलेल्या जोडप्यांना मी एक कागद देते आणि सांगते, गेल्या दहा वेळा तुम्ही दोघं मिळून कोणालातरी भेटलात ते आठवून लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की पहिला फोन कोणी केला होता. दहापैकी आठनऊ वेळा बाईने. वाढदिवस तिच्या लक्षात, कोणाचं ऑपरेशन कधी आहे ते तिला माहीत, कोजागिरीला दूध किती लिटर आणि गच्चीची किल्ली कोणाकडे हे तिला माहीत, दोन मित्रांत काही बिनसलं तर त्यांच्या बायकांना फोन करून सांधायचं कामही तिचं. नवरा म्हणतो "आमचे मित्र", आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसं वाटतं, पण त्या मैत्रीचे दोरे सगळे हिच्या हातात. मग हिचे गुडघे दुखायला लागतात, सासूबाई अंथरुणाला खिळतात, मुलीचं बाळंतपण येतं, ही थकते आणि वर्ष दीड वर्ष फोन करत नाही. तेवढ्यात ग्रुप संपतो. कोणाचं भांडण झालेलं नसतं.

तो कागद बघून गप्प बसलेले नवरे मी खूप बघितलेत. एक गृहस्थ, मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते, बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ही नसेल तेव्हा मला कोणी नाही." त्यांच्या मिसेसना तेव्हा काहीच झालेलं नव्हतं, तब्येत ठणठणीत, पण त्या वाक्यानंतर त्या गृहस्थांनी जो पहिला फोन केला तो मला अजून आठवतो, माझ्या समोर बसूनच केला, कॉलेजच्या मित्राला, अकरा वर्षांनी.

पुरुषांना मैत्री करता येत नाही असं म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. त्यांची मैत्री एखाद्या कामाच्या कडेने वाढते, शेजारी शेजारी उभं राहून, समोरासमोर बसून नाही. बँकेत चारच्या चहाला बाहेर टपरीवर उभं राहणं, मुंबईत रोजची ठरलेली लोकल, ठरलेला डबा, तिथे भजन म्हणणारे ग्रुप, वर्षानुवर्षं एकमेकांची जागा धरलेली. रिटायर झाल्यावर लोकलही सुटते. एका काकांनी मला सांगितलं होतं, "२८ वर्षं आम्ही एका डब्यातून गेलो, त्याच्या मुलीच्या दहावीचे मार्क मला पाठ होते, पण त्याचं घर नेमकं कुठंय मला माहीत नाही." यात त्यांचा दोष नव्हता, डबा होता तोपर्यंत घर माहीत असायची गरजच पडली नाही. ऑस्ट्रेलियात ही गोष्ट ओळखून १९९० च्या दशकात "मेन्स शेड" नावाची सोय सुरू झाली, म्हणजे एक शेड, त्यात सुतारकामाची हत्यारं, वयस्कर पुरुष तिथे येऊन खुर्च्या दुरुस्त करतात आणि करता करता बोलतात. कोणी "चला मन मोकळं करूया" म्हणत नाही. आपल्याकडे हे काम सोसायटीची कमिटी करते, देवळाचं मंडळ करतं, सकाळी टेकडी चढणारा ग्रुप करतो, फक्त आपण त्याला टाइमपास म्हणतो. टेकडीवर रोज भेटणाऱ्या चार माणसांना मी नवऱ्याच्या बीपीच्या गोळीइतकंच महत्त्व देते.

तुमच्या मिस्टरांना "गरज नाही" वाटतंय ना, ते बँकेतले आहेत, त्यांना आकडा दाखवा. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून, एकूण ३ लाखांवर माणसांची माहिती तपासली, त्यात ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ही सरासरी आहे, एकट्या माणसाला लावायचं गणित नाही, पण साखर आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट फाइलला लावून ठेवणाऱ्या माणसाने हेही बघावं असं मला वाटतं.

"मी पण भिशीला येतो" याचं काय करायचं. जपानमध्ये १९९१ साली नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी एक नाव दिलं होतं, रिटायर्ड हजबंड सिंड्रोम, नवरा रिटायर होऊन घरी बसल्यावर बायकांना होणारे त्रास, पोट बिघडणं, झोप जाणं, अंगावर पुरळ, असं सगळं. माझ्याकडे येणाऱ्या बायका हे नाव ऐकलं की हसतात आणि मग रडतात. पण मला नवऱ्यांची बाजूही दिसते ना. ३६ वर्षं ज्याला रोज पन्नास माणसं "साहेब" म्हणत होती, त्याला आता दिवसभरात हाक मारणारी एकच व्यक्ती आहे आणि ती चप्पल घालून निघालीय. "किती वाजता येणार" या प्रश्नात संशय कमी असतो, त्या तीन तासांत मी काय करू हा प्रश्न जास्त असतो. म्हणून त्यांना तोडून बोलू नका, पण भिशीला नेऊही नका. हे मी ठामपणे सांगते. मैत्रिणींत जे बोललं जातं ते नवरा कोपऱ्यात बसला असताना बोललं जात नाही, एक नवरा आला की पुढच्या वेळी दुसरी कचरते, आणि दोनतीन महिन्यांत भिशीची नुसती नाश्तापार्टी होते. एका बाईंनी दया येऊन नवऱ्याला दोनदा नेलं होतं, तिसऱ्या वेळी मैत्रिणींनी भेट परस्पर दुसरीकडे ठरवली, आणि त्यात ती बाई पण गेली.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही, मैत्रिणी कमी करू नका, एकही. तुम्ही घरी थांबलात तर ते एकटे असतात त्याऐवजी दोघं एकटे व्हाल, आणि मग सगळा भार त्या एका नात्यावर, जेवणाच्या चवीपासून मरणाच्या भीतीपर्यंत सगळं एकाच माणसाशी बोलायचं, तेवढं कुठल्याच लग्नाला झेपत नाही, कितीही प्रेम असलं तरी. त्यांना स्पष्ट सांगा, "मंगळवार आणि शुक्रवार चार ते सात मी बाहेर असणार, हे माझं ठरलेलं आहे, तुमचंही काहीतरी ठरवा." ठरलेला वार सांगितला की प्रश्न कमी होतात, असा माझा अनुभव आहे, कारण त्रास बाहेर जाण्यापेक्षा अचानक जाण्याचा असतो.

एक मात्र सावध करते. प्रश्न विचारण्यापलीकडे गोष्ट जात असेल, म्हणजे फोन तपासणं, पैसे न देणं, घरी आलेल्या मैत्रिणींचा अपमान करणं, हात उगारणं, तर ती एकटेपणाची केस नाही, तिथे मदत मागा, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे आणि महिलांसाठी १८१. आणि जर त्यांनी पेपर वाचणं सोडलं असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर "मला कोणाची गरज नाही" हे वाक्य डिप्रेशनचं असू शकतं. फॅमिली डॉक्टरकडे जा, किंवा टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिच्या १४४१६ नंबरवर बोला. मित्र जोडायच्या आधी ते बघायला हवं.

आता शरीराबद्दल, कारण यावर कोणी बोलत नाही आणि मैत्री तुटायचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. भांडणाने तुटलेली मैत्री मी कमी बघितली, लघवीच्या अडचणीने तुटलेली जास्त बघितली. प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस दर तासाला बाथरूम शोधतो, तो महाबळेश्वरच्या ट्रिपला नाही म्हणतो आणि कारण सांगतो "हल्ली गर्दी फार असते". खोकला आला की थेंब जातो अशी बाई हास्यक्लबला जायचं बंद करते आणि म्हणते मला ते आवडत नाही. कमी ऐकू येणारा माणूस आठ जणांच्या टेबलावर अर्धं बोलणं चुकवतो, चुकीच्या जागी हसतो, एकदा दोनदा लोक बघतात, आणि मग तो यायचंच सोडतो, आणि बायको आम्हाला सांगते की ह्यांचा स्वभाव माणूसघाणा झालाय! मोतीबिंदू होतोय म्हणून रात्रीची गाडी नको वाटते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून येत नाहीत. आणि समोरच्याला काय कळतं, तर यांना आता आपण नकोसे झालो.

तर ताई, मिस्टरांची कानाची तपासणी करून घ्या, अगदी या महिन्यात. आणि भेटायचं ते संध्याकाळच्या गोंगाटाच्या हॉटेलात नको, सकाळी दहाला कोणाच्यातरी घरी, चार जणच, पंखा हळू, टीव्ही बंद. ट्रिप असेल तर दोन रात्रींऐवजी एका दिवसाची, दर तासाला थांबणारी गाडी, आणि हे थांबणं "ड्रायव्हरला चहा" म्हणून. कोणाला काही सांगावं लागत नाही आणि सगळ्यांचं भागतं. ताक पिऊन पथ्य सांभाळणाऱ्याला चारचौघांत "अहो एक तुकडा तरी घ्या" असा आग्रह करायचा नाही, मधुमेही माणूस या आग्रहाला कंटाळून येणं टाळतो.

पैशांचंही असंच. नोकरीत असताना चौघांचे पगार थोडेफार सारखे होते, रिटायर झाल्यावर फट पडते. तुमच्याकडे बँकेचं पेन्शन, शाळेचं पेन्शन, आणि ज्यांनी आयुष्यभर प्रायव्हेट कंपनीत काढलं त्यांना ईपीएस ९५ चं, म्हणजे पीएफबरोबरच्या योजनेचं पेन्शन, ज्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, बऱ्याच जणांना त्याहून थोडंसंच जास्त मिळतं. तो माणूस युरोप टूरला "तब्येत बरी नाही" म्हणतो, मग हॉटेलच्या जेवणाला म्हणतो, मग कोजागिरीलाही. कोणी तब्येतीचं कारण सतत देत असेल तर एकदा मनात ट्रिपचा खर्च मोजून बघा. माझ्या ओळखीतल्या पाच मैत्रिणींनी हे फार छान सोडवलं, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय ना, त्या महिन्यातून एकदा लाल गाडीने सकाळी निघतात, वाई, भोर, सासवड, डबे घरचे, संध्याकाळी परत. त्यांच्यात एक डॉक्टर आहे आणि एक पोळ्या लाटायची कामं करत होती, आणि खर्च दोघींना झेपतो.

तुमची जी मैत्रीण एकटी झाली तिच्याबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण तीन गळलेल्या घरांपैकी हे आधी धरायला हवं. जोडप्यांचा ग्रुप विधवा मैत्रिणीला मुद्दाम टाकत नाही. होतं काय, गाडीत सीट सात होतात, हॉटेलच्या खोल्या डबल असतात, कोणीतरी म्हणतं तिला आपल्याला जोडीने बघून वाईट वाटेल, मग तिला विचारणंच राहून जातं, आणि तिच्या बाजूने ती विचार करते की मी गेले तर यांचा मूड जाईल. दोन्हीकडून चांगुलपणाच. त्यात आपल्याकडे हळदीकुंकू. वर्षभर एकत्र खाल्लंप्यायलं आणि संक्रांतीला तिला सोडून सगळ्यांना बोलावणं, हे तिला किती लागतं हे मी समोर बसून ऐकलंय, एक बाई म्हणाल्या होत्या, "ते गेले ते मी सोसलं, पण शेजारच्या दारात रांगोळी दिसली आणि माझी बेल वाजली नाही, ते नाही सोसवलं." कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. गावाला जमतं ते आपल्या सोसायटीला का जमू नये. तिला बोलवा, तिला कुंकू लावा, ती नको म्हणाली तर तिळगूळ आणि वाण द्या आणि बसवून घ्या, पण बेल वाजलीच पाहिजे.

आणि तिच्याशी बोलताना "काही लागलं तर सांग हं" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "गुरुवारी पाच वाजता मी येतेय, आलेपाक आणतेय" असं म्हणा. तिच्या मिस्टरांचं नाव घ्या, जुन्या ट्रिपची गोष्ट काढा, तिला रडू आलं तर येऊ दे, लोक त्याचं नाव टाळतात आणि तिला वाटतं तो आमच्या ग्रुपमधून पुसलाच गेला. ट्रिपला खोल्या बायकांची एक आणि पुरुषांची एक अशा घ्या, बघा किती सोपं होतं. विधुर झालेल्या मित्राचं उलटं असतं, त्याला सगळे डबा देतात, बोलत कोणी नाही. बायकोचा फोन बंद केला की त्यातले सगळे ग्रुप, सगळे नंबर, भाचीचा, चुलत नणंदेचा, जुन्या शेजारणीचा, सगळं बंद होतं. म्हणून मी जोडप्यांना सांगते की दोघं ठणठणीत असतानाच जवळच्या पंधरावीस माणसांचे नंबर दोघांच्याही फोनमध्ये आणि एका वहीत लिहा, पुढे वाढदिवस लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, एका संध्याकाळचं आहे, आणि ते नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायला हवं.

बंगळुरूवाल्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका आत्ता. लोकांना वाटतं ते मुलाकडे मजेत आहेत, खरं म्हणजे ते दोघं दिवसाचे दहा तास मूल सांभाळतात, सोसायटीत कन्नड हिंदी इंग्लिश चालतं, खाली बाकावर बसलं तरी बोलणार काय. ते तुमच्यापेक्षा एकटे असण्याची शक्यता आहे. नातू दुपारी झोपतो ती वेळ विचारून घ्या आणि आठवड्यातून एकदा त्याच वेळी फोन लावा, व्हिडिओ कॉल, दोन्हीकडे चहाचे कप. अमेरिकेला सहासहा महिने जाणाऱ्यांसाठीही हेच, वेळ ठरलेली हवी, "बघू जमेल तेव्हा" म्हटलं की कधीच जमत नाही. सुप्रभातचे फोटो आणि फॉरवर्ड यांनी संपर्क राहतो असं वाटतं, राहत नाही.

फॉरवर्डवरून ज्यांच्याशी वाजलं त्यांचं. माझ्याकडे गेल्या दहा बारा वर्षांत अशा केसेस इतक्या आल्यात की वाईट वाटतं, मुलांच्या लग्नात एकमेकांच्या घरचे पाहुणे उतरवून घेतलेली माणसं मतांवरून अबोला धरून बसलीत. इथे कोण बरोबर ते ठरवायला जाऊ नका, मेसेज टाइप करून माफी मागू नका, लिहिलेलं वाक्य दहा जण दहा प्रकारे वाचतात. आणि हे काम तुम्ही आणि त्यांची मिसेस मिळून परस्पर मिटवायचं नाही, इतकी वर्षं तेच केलंत. मिस्टरांना जाऊ दे. दिवाळीचा फराळ, नाहीतर घरचे आंबे, काहीतरी हातात घेऊन त्यांनी एकट्याने जायचं आणि एवढंच म्हणायचं, "खूप दिवस झाले, राहवलं नाही." विषय निघाला तर "ते राहू दे, तुझ्या खांद्याचं काय झालं सांग." बहुतेक घरांत एवढ्याने दार उघडतं. नाही उघडलं तर वर्षाने परत एकदा जायचं, तिसऱ्यांदा नाही, काही नाती संपतात आणि त्याचं दुःख करायलाही जागा द्यावी लागते.

नवे मित्र होतात का या वयात, तर होतात, वेळ लागतो, ते मगाचचे तास भरावे लागतात आणि त्यासाठी रोज किंवा ठरलेल्या वारी तेच लोक भेटायला हवेत. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला तेव्हा बागेत पाचच माणसं होती. तुमचे मिस्टर बँकेतले, जमाखर्च त्यांना झोपेत येतो, कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाला आणि कुठल्याही सोसायटीला हिशोब लिहिणारा माणूस हवाच असतो. त्यांना "जा, मित्र करा" म्हणू नका, कोणी जात नाही. "त्यांना ऑडिटला मदत हवीय, तुम्ही बघाल का" असं त्या संघाच्या सेक्रेटरींनाच त्यांच्याशी बोलायला सांगा. आणि दहापंधरा वर्षांनी लहान असलेला एखादा मित्र जरूर जोडावा, ऐंशीच्या घरात गेल्यावर समवयस्क मित्रांची संख्या आपल्या हातात राहत नाही.

शाळेच्या बॅचचे रियुनियन होतात, त्यात बायकोला वर्गातला मित्र सापडतो किंवा नवऱ्याला मैत्रीण, त्यावरून घरात कुरबुर होते, त्यावर एवढंच सांगते की लपवू नका, घरी बोलवा, जेवायला वाढा, निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, ग्रुप परत जमेल का. चार जोडप्यांचा तो ग्रुप, तसाच, नाही जमणार, एक माणूस गेलाय. जमलं तर सात जणांचं काहीतरी वेगळं जमेल, कदाचित पाच जणांचं. सुरुवात मैत्रिणीपासून करा, या गुरुवारी. आणि रविवारी सकाळी चहा झाला की मिस्टरांना बँकेतल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर लावून द्या, लागला की फोन त्यांच्या हातात देऊन तुम्ही आतल्या खोलीत जा आणि दार लोटून घ्या. पहिली दोन मिनिटं ते नुसतं "हो, हो, बरं, बरं" म्हणतील, तुम्हाला बाहेर येऊन सावरून घ्यावंसं वाटेल, येऊ नका.